वेचून नेलेल्या टिपा

१

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि घरातली पहाटेची शांतता एकदम मोडली. तिने धावत जाऊन गॅस बारीक केला आणि कान देऊन ऐकलं. आतल्या खोलीत मुंगी कूस बदलून पुन्हा झोपली होती. हुश्श! दिवसभर तुरुतुरु फिरणारी ही पाच वर्षांची पोर एकदा उठली की आईच्या वाट्याला आईसुद्धा उरत नसे. अजून थोडा वेळ तिचा तिचा होता.

तेवढ्यात ओट्यावर फोन थरथरला. लंबू होता.

"ताई, झोपमोड केली. पण गोष्टच तशी आहे."

लंबूचा आवाज असा कधी नसायचा. सहा फुटांचा हा गडी एरवी दवाखान्याच्या तळघरात पालथा पडून यंत्राशी बोलत बसायचा, शिट्टी वाजवत. त्यांची कंपनी दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करायची, आणि त्यातही सगळ्यात नाजूक काम म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या.

"मी नीट केलेली पेटी रात्री तापली," लंबू म्हणाला. "पडद्यावर आकडा बरोबर, आणि आत नुसती भट्टी. नर्सबाईंनी बाळ ठेवायच्या आधी हात घालून बघितला म्हणून बरं. नाहीतर..."

"नाहीतरचं पुढे बोलू नकोस. बाळ नव्हतं ना आत?"

"नव्हतं. पण ताई, ऐका. मी कोठीत बघूनच काम केलं. पंखा बदलायचं पान उघडलं, पायरी पायरीने गेलो. त्या पानाखाली पूर्वी एक टीप होती, थर्मामीटर वेगळा ठेवून बघा, असं काहीतरी. या वेळी ती नव्हती. मला वाटलं, कोठीत नाही म्हणजे आता लागत नसेल."

कोठी म्हणजे कंपनीचं ज्ञानाचं कोठार. कोण कुठे काय शिकलं ते सगळं त्यात लिहायचं, आणि पुढच्याने ते फोनवर वाचून काम करायचं. ती कोठी सांभाळायची ही. ऑफिसात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. कोठीवाली म्हणत.

"साहेब म्हणतात, अशी टीप कधी नव्हतीच, मी बनवून सांगतोय. चार वाजता मीटिंग आहे. मला घरी पाठवणार." "ताई, मी खोटारडा नाही हो."

तिने ओट्यावरच्या टॅबवर ते पान उघडलं. पायऱ्या जागच्या जागी होत्या. खाली टिपांची जागा होती. तिथे चार ओळी: 'छान माहिती.' 'धन्यवाद.' 'मस्त पान.' आणि अंगठा दाखवणारं एक चित्र.

थर्मामीटरचा कुठे मागमूस नव्हता.

२

साहेबांच्या खोलीबाहेर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: आठवणीवर नाही, कोठीवर चाला. त्या ओळीखालीच साहेब फेऱ्या मारत होते.

"कोठीवर चाला म्हणून मीच सांगितलं ना?" साहेब म्हणाले. "आणि कोठीत त्या टिपेचा पत्ता नाही. मग मी काय समजू?"

"साहेब, पोरगा नाकासमोर चालणारा आहे. कोठीत जे दिसलं ते त्याने केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

"मग चोर आणून दे. चार वाजेपर्यंत."

"चोराचं नंतर बघू," ती म्हणाली. आवाज थोडा चढला, पण तिने तो खाली आणला नाही. "आधी मला हे सांगा, ती टीप गायब झाल्यावर आपण आणखी कोणकोणत्या पेट्यांचे पंखे बदलले?"

साहेब थांबले. हा प्रश्न त्यांच्या डोक्यातच आला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"लंबूची पेटी रिकामी होती. बाकीच्या रिकाम्या असतीलच असं नाही."

"सगळ्या दवाखान्यांना फोन करून बंद करायला सांगू?" साहेबांनी फोनकडे हात नेला आणि तिथेच थांबवला. "पण पेटी तपासायची तर रिकामी करून, झाकण लावून तासभर ठेवावी लागते. सगळ्या एकदम रिकाम्या केल्या तर एवढी बाळं ठेवायची कुठे?"

"म्हणून तर. सावध राहा, हात लावून बघत राहा, एवढा निरोप सगळ्यांना द्या. आणि नेमक्या कुठल्या पेट्या, ते मी शोधते."

"कशी शोधणार? ती टीप कधी गेली ते तुला कुठे माहीत आहे?"

नव्हतंच माहीत. पण साहेबांना ते कळू न देता ती बाहेर पडली.

३

खालच्या टिपा काढायची परवानगी फक्त चौघांना होती. एक ती स्वतः. उरले तिघे.

पहिल्या टापटीप मॅडम. कामाचा दर्जा सांभाळायचं खातं त्यांच्याकडे. त्यांच्या टेबलावर पेनं उंचीप्रमाणे रांगेत उभी असत. कोठीच्या पानात एक शब्द बदलायचा तरी त्यांनी तीन सह्यांचा नियम घातला होता. त्या सह्या मिळेपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा, म्हणून मग कामगार पानाला हात न लावता खाली टीप लिहून मोकळे होत. खरं शहाणपण असं पानाखाली साचत गेलं होतं.

"तीन सह्या झालेलं तेवढंच खरं," मॅडम म्हणाल्या. "खाली लिहितात त्या गप्पा. मी गप्पा वाचत नाही."

"पण काढता येतात तुम्हाला."

"येतात. तुलाही येतात, हो ना?" मॅडमनी एक पेन सरळ केलं. "आणि हे बघ, मी काढल्या असत्या तर एकही ठेवली नसती. अर्धवट झाडलोट माझ्या हातून होत नाही."

दुसरा संगणकवाला. त्याची खोली थंडगार. कानात गाणी ऐकायची बोंडं, हातात बिस्किटाचा पुडा.

"नुकतीच कोठी नव्या यंत्रावर हलवलीस," ती म्हणाली. "हलवताना काही सांडलं?"

"सांडलं असतं तर सरसकट सांडलं असतं, ताई. संगणकाला आवडनिवड नसते."

"मग कुणी काढलं ते दाखव. कधी काढलं ते दाखव."

"पानाचा इतिहास कोठी ठेवते. खालच्या टिपांचा नाही. स्वस्तातली घेतली ना साहेबांनी!" त्याने पुडा पुढे केला. "बिस्किट?"

तिने बिस्किट घेतलं नाही.

तिसरे वस्ताद. खालच्या वर्कशॉपचे प्रमुख. उमेदीची सगळी वर्षं या छपराखाली गेलेली, आता निवृत्ती तोंडावर आलेली. कोठी सुरू झाली त्या दिवशी भर सभेत ते म्हणाले होते, "ज्ञान डोक्यात असतं, डब्यात नाही." सगळे हसले होते, साहेब सोडून. ती आली तेव्हा ते एका मोटरीला कान लावून बसले होते.

"वस्ताद, पेटीच्या पंख्याखालची ती टीप आठवते तुम्हाला?"

"आठवते म्हणजे? डावरीने लिहिलेली." डावरी म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेली डावखुरी कारागीर, हल्लीच दूर दुसऱ्या नोकरीवर गेलेली. "सोन्यासारखी पोर आणि सोन्यासारखी टीप. जुन्या साच्याच्या पेटीला नवा पंखा बसवला की वारा वेगळा फिरतो, आकडा खोटं बोलतो. गादीवर वेगळा थर्मामीटर ठेवून बघायचं."

तिच्या जिवात जीव आला. म्हणजे टीप खरंच होती. लंबू खरं बोलत होता.

"मग गेली कुठे?"

"माझ्याकडे चांगली वस्तू हरवत नाही, पोरी." वस्तादांनी मोटर फिरवली. "तुझ्या लंबूला उघड्यावरचं वेचायची खोड. डोकं घालून शोधायला नको. त्याला मी काय करू?"

आणि त्यांनी पाठ फिरवली. तिला ते बोलणं सुईसारखं टोचलं. म्हातारा खूश आहे, तिच्या मनात आलं. कोठीची फजिती झाली म्हणून खूश आहे. कुठेतरी पाणी मुरतंय.

जिन्यात लंबू उभा होता, भिंतीला टेकून, हातात फोन.

"काय करतोस?"

"तेच पान बघतोय. तळघरात नेटवर्क नसतं ना, म्हणून आम्ही कामाला निघायच्या आधी पान फोनमध्ये साठवून नेतो. हे त्या दिवशीचं पान. बघा, यातही टीप नाही."

तिने फोन हातात घेतला. मग हळूच विचारलं, "हे पान साठवलं त्या दिवशी होतं तसंच राहतं?"

"कोठीत जाऊन पुन्हा उघडेपर्यंत तसंच."

"आणि बाकीच्यांच्या फोनवर? त्यांनी त्यांच्या शेवटच्या पेटीच्या वेळी साठवलेलं?"

लंबूचे डोळे मोठे झाले. "ते पण तसंच असणार. म्हणजे ज्याच्या फोनवर टीप आहे..."

"त्याचं काम टीप असताना झालं. ज्याच्या फोनवर नाही, त्याचं नंतर." ती जिन्याकडे वळली. "बोलाव सगळ्यांना. आणि कुणी ते पान नव्याने उघडू नका म्हणावं!"

"पण ताई, आज कोठीची नवी आवृत्ती येतेय ना सगळ्यांच्या फोनवर? सकाळी निरोप आलाय. जेवणाच्या सुट्टीत साठवलेलं सगळं पुसून नवीन भरणार."

जेवणाची घंटा त्याच क्षणी वाजली.

४

ती संगणकवाल्याच्या खोलीत शिरली तेव्हा त्याच्या पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरत होती.

"थांबव!"

"थांबत नाही हो आता. साहेबांची परवानगी लागते, मग मी—"

"कुठून जातंय हे?"

त्याने नकळत भिंतीकडे बघितलं. तेवढं तिला पुरलं. भिंतीतल्या खोबणीतून तिने वायर सरळ उपसून काढली. मुंगीच्या हातातून कात्री काढून घेताना जशी झडप घालावी लागते, तशी. निळी पट्टी अडली. वरच्या मजल्यावरून "अरे, नेट गेलं!" असा एकच गलका झाला.

"ताई!" संगणकवाल्याच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

"कुणी विचारलं तर माझं नाव सांग. कुणाच्या फोनवर पोचलं?"

त्याने पडदा बघितला. "एकाच्याही नाही. फक्त टापटीप मॅडमच्या."

"त्या पेट्या दुरुस्त करत नाहीत," ती म्हणाली, आणि आज पहिल्यांदाच तिला हसू आलं.

वर्कशॉपच्या लांब बाकावर पाच कारागीर पाच फोन पुढे ठेवून बसले, परीक्षेला बसल्यासारखे. तिने एकेकाला विचारलं, शेवटची जुन्या साच्याची पेटी कुठली, कधी. मग एकेकाचं साठवलेलं पान तळापर्यंत सरकवलं. पहिल्याच्या फोनवर डावरीची टीप होती. दुसऱ्याच्या होती. तिसऱ्याच्याही होती, आणि तिघांत त्याचंच काम सगळ्यात अलीकडचं. लंबूच्या फोनवर नव्हती. पाचवा नुकतंच लग्न झालेला, त्याला सगळे नवरदेव म्हणत. त्याच्याही फोनवर नव्हती.

"सरळ आहे," ती म्हणाली. "तिसऱ्याच्या पेटीपर्यंत टीप होती. त्यानंतर जुन्या साच्याच्या किती झाल्या?"

"लंबूची ती एक," नवरदेव पडेल आवाजात म्हणाला, "आणि माझ्या दोन."

"कुठे आहेत?"

एक मोठ्या दवाखान्यात होती. तिथे पेट्या पुष्कळ, त्यांनी लगेच बाजूला काढली. दुसरी दूरच्या एका छोट्या दवाखान्यात. तिथे नर्सने फोन उचलला. मागे पाण्याचा नळ वाहत होता.

"आमच्याकडे एकच पेटी आहे, ताई. आणि बाळ आहे आत."

"बाळ कसं आहे?"

"चांगलं आहे तसं. आज जरा लालसर वाटलं. सकाळी तुमचा सावध राहा म्हणून निरोप आला, तेव्हापासून सारखी हात लावून बघतेय. पण आकडा बरोबर दाखवतो ना, म्हणून—"

"आकड्यावर विश्वास ठेवू नका. बाळ बाहेर काढा. आत्ता. मी फोन धरून आहे."

नळ बंद झाला. पावलं धावली. एक झाकण उघडल्याचा आवाज आला. मग कुणीतरी घाबरून काहीतरी बोललं, आणि फोन कट झाला.

बाकावर कुणी हलेना. वस्तादसुद्धा हातातली मोटर खाली ठेवून उभे होते.

पुन्हा लावला तर लागेना. एंगेज. पुन्हा एंगेज. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने आधीच्या फोनांवरची इतर साठवलेली पानं उघडली. श्वासाच्या यंत्राचं पान. सलाईनच्या पंपाचं. शेजारी लंबूचा फोन ठेवून जुनं आणि नवं ताडून बघू लागली.

एकच टीप गेली नव्हती. प्रत्येक पानाखालून टिपा गेल्या होत्या. 'छान माहिती' राहिलं होतं, 'धन्यवाद' राहिलं होतं. गेलं होतं ते नेमकं कामाचं, एकूण एक. कुणीतरी कोठीतलं धान्य वेचून नेऊन भुसा तेवढा मागे ठेवला होता.

फोन वाजला. छोट्या दवाखान्याची नर्स.

"बाळ ठीक आहे," ती धापा टाकत म्हणाली. "पेटीची गादी चांगलीच गरम लागली हाताला. तुम्ही फोन केलात म्हणून... ठीक आहे बाळ. ठेवते, कामं आहेत."

लंबू बाकावर डोकं टेकून ढसाढसा रडला. सहा फुटी माणूस. कुणी त्याची चेष्टा केली नाही.

५

पेट्या सापडल्या. आता वेचणारा हात.

तिने जिन्याच्या पायरीवर बसून मनाशी मांडणी केली. टापटीप मॅडमनी काढल्या असत्या तर भुसासुद्धा राहिला नसता, त्या अर्धवट झाडत नाहीत. यंत्र हलवताना सांडल्या असत्या तर सरसकट सांडल्या असत्या, संगणकाला आवडनिवड नसते. कारागिरांना परवानगीच नाही. राहिलेल्या आणि गेलेल्या टिपांमध्ये फरक एकच, कस. आणि कस कळायला यंत्रांत उभा जन्म काढावा लागतो.

म्हणजे वस्ताद.

पण का? कोठी बुडावी म्हणून? बाळांच्या जिवाशी खेळून? मघाशी मोटर खाली ठेवून उभे राहिलेले वस्ताद तिला आठवले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण चिडलेल्या मनाला चेहरे दिसत नाहीत. ती तडक खाली गेली, दोन शब्द सुनवायचेच असं ठरवून.

वस्ताद काम करत होते. दारापाशी एक मोठा उघडा ट्रे होता. कारागीर यंत्रांमधून काढलेले सुटे भाग त्यात टाकून जात. वस्ताद एकेक उचलायचे, फिरवायचे, कानाशी न्यायचे. खराब निघाला तर परत ट्रेमध्ये, खणकन. चांगला निघाला की फडक्याने पुसून, कमरेची किल्ली काढून, आतल्या कपाटात. मग कपाटाला कुलूप.

ती दारातच थबकली.

ट्रेमध्ये कचरा. चांगलं ते आत. हे तर ती रोजच बघत होती. या वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, ट्रेमधलं घ्यायचं नाही, चांगला भाग हवा तर वस्तादांकडे मागायचा.

"वस्ताद," तिचा आवाज आपोआप खाली आला, "कोठीतल्या चांगल्या टिपा तुम्ही कुठे ठेवल्यात?"

"आत," ते सहज म्हणाले. "कुठे म्हणजे? तू शिकवलंस ना मला माऊस धरायला. बघितलं तर डावरीच्या टिपा त्या 'छान छान'च्या कचऱ्यात पडलेल्या. उघड्यावर! कुणीही येऊन काही लिहून जातोय. पोर तर गेली निघून. तिचं तेवढंच उरलंय माझ्याकडे." त्यांनी कोपऱ्यातला संगणक सुरू केला, कोठी इमारतीतल्याच यंत्रावर असल्याने तिला बाहेरचं नेट लागत नसे, आणि एकेका बोटाने, फार काळजीपूर्वक, कपाटाच्या चित्रावर टिचकी मारली. "हे बघ. एकेक वाचून ठेवलीय. डावरीच्या, लंबूच्या, सगळ्यांच्या. एकही वाईट नाही यात."

पडद्यावर टिपांची रांग लागली. हरवलेलं सगळं शहाणपण तिथे होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कपाटाचं ते चित्र म्हणजे कोठीचा संग्रह होता. बाद झालेल्या, आता कुणीच वापरत नाही अशा यंत्रांची पानं जिथे टाकतात, ती जागा. तिथे कुणी फिरकत नसे.

हे वस्तादांना कसं सांगायचं? पण बोलावं लागणार होतं.

"वस्ताद, या कपाटातलं कारागिरांच्या फोनवर दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? मागितलं तर मिळतं ना?"

"मागायला आधी ते आहे हे कळायला हवं. यात टाकलं की सगळ्यांच्या समोरून जातं. लंबूने शोधलं, वस्ताद. त्याला सापडणारच नव्हतं."

वस्ताद पडद्याकडे बघत राहिले. त्यांचं बोट अजून माऊसवर होतं. त्यांनी ते हळूच उचललं.

"ते बाळ," ते म्हणाले. "ते बाळ माझ्यामुळे..."

वर जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "कोठीवाली! साहेब बोलावतायत! चार वाजले!"

६

"सापडला चोर?" साहेबांनी विचारलं. टापटीप मॅडम, संगणकवाला, लंबू, सगळे बसले होते.

तिने तोंड उघडलं, पण दार ढकलून वस्ताद आत आले.

"तिला विचारू नका. मी केलं." आणि त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कुठलाही आडपडदा न ठेवता. मग लंबूकडे वळले. "तुला उघड्यावरचं वेचायची खोड आहे, असं मी म्हणालो. माझी चूक."

"वस्ताद, तुम्ही कशाला असं—" लंबू अर्धा उठला.

साहेबांनी टेबलावर हात आपटला.

"झालं तर मग. वस्तादांनी उद्यापासून यायचं नाही. आणि ती कोठी बंद. आपण पूर्वीसारखं एकमेकांना विचारून काम करू. फोन करा, विचारा, संपलं."

"कुणाला विचारणार?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"डावरी गेली. वस्तादांना तुम्ही आज काढताय. कोठी बंद. मग पुढची पेटी तापली की फोन कुणाला लावायचा, साहेब? मला तेवढा नंबर द्या, मी लगेच गप्प बसते."

टापटीप मॅडमच्या तोंडून "खरंय" निघून गेलं, आणि त्या स्वतःच दचकल्या.

"वस्तादांनी वाईट काही केलं नाही," ती म्हणाली. "चांगल्या वस्तूचं इथे जे करतात तेच केलं. आपण त्यांच्या हातात कोठी दिली आणि तुमची रीत कशी आहे हे कुणी विचारलं नाही. आणि मॅडम, रागावू नका, जिवावर बेतणारी गोष्ट पानाखालच्या गप्पांत का होती? तीन सह्यांसाठी. डावरीने सह्यांची वाट बघितली असती तर ती टीप तिच्याबरोबरच गेली असती."

"नियम मी उगाच केले नाहीत," मॅडम म्हणाल्या. पण आवाजात धार नव्हती.

"नाहीत. म्हणून नियम दोनच ठेवा. टीप आली की वस्ताद त्याच दिवशी तिचा कस बघतील आणि चांगली असेल तर तुम्ही दोघं मिळून ती पानात, पायऱ्यांमध्येच घालाल. एक सही त्यांची, एक तुमची. आणि कुठलीही गोष्ट कुणाच्या डोळ्यांआड करायची तर जे ती वापरतात त्यांना आधी विचारायचं."

"आणि वस्ताद गेल्यावर?" साहेबांनी विचारलं.

"तोवर लंबूला कस बघायला शिकवतील. नाही का, वस्ताद?"

वस्तादांनी लंबूकडे नखशिखान्त बघितलं. "आधी त्याला उघड्यावरचं वेचायची सवय..." ते म्हणायला लागले आणि मध्येच थांबले. "नाही. ती राहू दे. तीच बरोबर आहे."

साहेब खिडकीपाशी गेले. लंबूकडे बघितलं, वस्तादांकडे बघितलं.

"पुढची पेटी तापली तर?" त्यांनी तिला विचारलं.

"तापेल कधीतरी. पण का तापली ते त्याच दिवशी सगळ्यांना कळेल."

"कर काय करायचं ते," साहेब म्हणाले. "वस्ताद, उद्या वेळेवर या. आणि ती वायर परत लावा रे कुणीतरी, माझं नेट दुपारपासून बंद आहे!"

पेट्यांच्या पानात डावरीची पायरी तिने आणि वस्तादांनी त्याच संध्याकाळी घातली, पंखा बसवण्याच्या बरोबर खाली, आणि कपाटातल्या बाकीच्या टिपा आपापल्या पानांखाली परत ठेवल्या. मॅडमनी उभ्या उभ्या सही केली. दूरच्या दवाखान्यात लंबू आणि नवरदेव दोघेही थर्मामीटर घेऊन निघाले.

घरी पोचायला उशीर झाला. सासूबाईंनी मुंगीला जेवू घातलं होतं, पण झोपवायला मात्र आईच लागत होती.

"आज काय झालं ऑफिसात?" मुंगीने पांघरुणातून विचारलं. हा रोजचा कर होता, तो भरल्याशिवाय झोप नसे.

तिने सांगितलं. काचेची पेटी, खोटं बोलणारा आकडा, कपाटात अडकलेल्या टिपा. वस्तादांचं सांगताना आवाज जरा हळू झाला. मुंगी टक लावून ऐकत होती.

"मग ते छोटं बाळ? ते पेटीतून बाहेर काढलं?"

"हो. लगेच काढलं. ठीक आहे ते."

"आणि त्यांच्याकडे एकच पेटी होती?"

"एकच."

मुंगीने विचार केला. तिचं कपाळ आक्रसलं, थेट आईसारखं.

"मग आई, ते बाळ आज कुठे झोपलंय?"